माईकराव मान हलवायला शिकतात

माईकरावांचं खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदावर असेल. गल्लीत ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारून घ्यायचीही सोय नव्हती. त्यांना काही विचारायला जावं, तर आपला प्रश्न अर्धा तोंडात असतानाच त्यांचं उत्तर येऊन थडकायचं, आणि ते बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाचं असायचं.

त्यांनी सगळी नोकरी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर काढली. माणूस खिडकीशी येऊन "साहेब, आमच्याकडे परवापासून..." एवढं म्हणेपर्यंत माईकराव म्हणत, "दिवे जातात-येतात! फ्यूज. उद्या माणूस येईल. पुढे या." रांग झपाझप सरकायची. वरचे साहेब खूश असायचे. आता ज्याच्या घरी मीटरला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, त्याच्याकडेही फ्यूज बदलायलाच माणूस जायचा, ही गोष्ट वेगळी. तो बिचारा परत रांगेत उभा राहायचा. माईकराव त्याला हसून ओळख दाखवायचे आणि पुन्हा फ्यूजच द्यायचे.

संध्याकाळी त्यांचा दुसरा अवतार असे. निरोप समारंभ म्हणा, बक्षीस समारंभ म्हणा, आसपास कुठेही चार खुर्च्या मांडल्या की सूत्रसंचालनाला माईकराव. निवृत्त होणाऱ्या माणसाचं बालपण, त्याचे कष्ट, त्याचे सद्गुण ते इतके रंगवून सांगायचे की त्या माणसाला उठून 'धन्यवाद' म्हणण्यापलीकडे काही शिल्लकच राहत नसे. एकदा एका शिपायाने "माझे वडील अजून हयात आहेत हो," असं सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात माईकरावांनी सभागृहाला टाळ्यांची विनंती केली.

माणूस दुष्ट नव्हता. समोरचा बोलताना अडखळला, जरा थांबला, की माईकरावांचा जीव खरोखर कासावीस व्हायचा. रस्ता ओलांडायला कचरणाऱ्याचा हात धरावा तसं ते त्याचं वाक्य हातात घ्यायचे आणि पलीकडे नेऊन सोडायचे. त्याला पलीकडे जायचंय की नाही, हे विचारायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती.

या मदतीचा सर्वांत मोठा वाटा अर्थात घरी मिळायचा. त्यांची बायको शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट होती. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं टाइप करून ती घरी यायची आणि म्हणायची, "अहो, उद्या दुपारी मला जरा..." की हे म्हणायचे, "पडायचंय ना? पड की. दमतेस फार." तिला बँकेत जायचं असायचं. ती पडायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भांडण म्हणून कधी झालं नाही, असं माईकराव दर समारंभात अभिमानाने सांगत. खरंच झालं नव्हतं. भांडायला दोन माणसांनी बोलावं लागतं.

तर अशा या माईकरावांना म्हातारपणी गप्प बसायची वेळ आली. ती आणली वाचनालयाच्या श्रोता मंडळाने.

वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी हे मंडळ भरायचं. बाजारामागची घरांची ओळ रस्ता रुंद करायला पाडायची ठरली होती आणि तिथली माणसं एकेक करून सामान हलवत होती. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते, सगळे त्यांना हेडसर म्हणत. त्यांनी ठरवलं की या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यांतून एक ध्वनिकथा करायची, 'घर सोडताना' नावाची. हेडसरांची सून रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला होती, म्हणून तांत्रिक बाजू तिच्याकडे. मंडळाने तिला एकमताने सूनबाई म्हणायला सुरुवात केली आणि दर अर्ध्या तासाने तिच्याकडे चहा मागायला.

कामाची वाटणी चुटकीसरशी झाली. हेडसर प्रास्ताविक करणार, कवयित्रीबाई आधी एक आणि मधे दोन कविता वाचणार, खजिनदार आभार मानणार. घर सोडणारी माणसं उरलेल्या वेळात बोलणार. मुलाखती कोण घेणार हा प्रश्न पडायच्या आतच माईकराव उभे राहिले होते. निवृत्तीनंतर समारंभांची बोलावणी आटली होती, नवी पोरं मोबाइलवर गाणी लावून सूत्रसंचालन उरकत होती. कित्येक महिन्यांत कुणी त्यांच्या हातात माईक दिला नव्हता. ही मुलाखतकाराची जागा त्यांना मिळाली आणि माणूस चालताना पुन्हा ताठ दिसू लागला.

सूनबाईने पहिल्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "मुलाखतीच्या खोलीतला पंखा आणि फ्रिज बंद करायचा, त्यांची घरघर आवाजात येते. प्रश्न असा विचारायचा की 'हो' किंवा 'नाही' म्हणून सुटता येऊ नये. उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न नको. थांबायचं. माणूस जरा थांबतो आणि मग खरं काय ते बोलतो. आणि ज्याचा आवाज आहे त्याची परवानगी असल्याशिवाय कुठलंही रेकॉर्डिंग कुणालाही ऐकवायचं नाही."

"अगदी बरोबर!" हेडसर म्हणाले आणि याच विषयावर वीस मिनिटं बोलले.

मग तिने खोलीची शांतता एक मिनिटभर रेकॉर्ड करून दाखवायचं ठरवलं. रेकॉर्डिंगचे तुकडे जोडताना ती मधे भरायला लागते म्हणे. यंत्र सुरू झालं. खजिनदारांनी खिशातल्या किल्ल्या शांतपणे मोजल्या. कवयित्रीबाईंनी सुस्कारा सोडला. हेडसरांनी "झालं का मिनिट?" असं विचारलं, त्यांना गप्प करायला दोघांनी "शू!" केलं, आणि "शू केल्याने जास्त आवाज होतो," हे माईकरावांनी सर्वांना समजावून सांगितलं. तिने पाच वेळा प्रयत्न केला. शेवटी मंडळी चहाला खाली उतरली तेव्हा तिला हवं ते मिनिट मिळालं.

पहिली मुलाखत नर्सबाईंची. ती बाई त्या ओळीतल्या घरात एकटीने राहिली, म्हातारी झाली आणि आता भाच्याकडे निघाली होती. माईकराव यंत्र घेऊन तिच्याकडे दोन तास बसून आले. रविवारी सूनबाईने ते रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं.

"घर सोडताना काय वाटतं?" यंत्रातले माईकराव विचारत होते.

"मला खरं सांगायचं तर..." नर्सबाई.

"गहिवरून येतं!"

"तसं नाही, मला..."

"येणारच हो! भिंतीभिंतीत आठवणी! हं... हं... क्या बात है!"

असं दोन तास. बाईच्या प्रत्येक शब्दावर माईकरावांचं 'हं, हं, बरोबर' इतकं चपखल बसलं होतं की कात्री लावायला जागा नव्हती. बाई सलग अशी एकदाच बोलली होती: "पाणी देऊ का तुम्हाला? घसा कोरडा पडला असेल." पुन्हा मुलाखत द्याल का म्हणून विचारायला सूनबाई गेली, तेव्हा नर्सबाई म्हणाली, "कशाला? माझं सगळं त्यांनी सांगितलंय की!"

मंडळात खळबळ माजली. या जागेवर हेडसरांचा डोळा होता, त्यामुळे त्यांना फारच वाईट वाटलं. "आवाज उत्तम आहे तुमचा," ते म्हणाले, "पण संयम पाहिजे. माझ्यासारखा." अखेर असं ठरलं की माईकरावांना एक शेवटची संधी द्यायची. पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी एक मुलाखत आणायची आणि तीत त्यांचा आवाज फक्त प्रश्नापुरता ऐकू यायला हवा. नाही जमलं तर जागा हेडसरांची.

निघताना सूनबाईने त्यांना बाजूला घेतलं. "काका, 'हं' म्हणायची उबळ आली की नुसती मान हलवा. मान हललेली ऐकू येत नाही."

माईकराव घरी आले ते मान हलवतच. पुढचे दोन दिवस ते आरशासमोर मान हलवत होते, भाजीवाल्यासमोर हलवत होते, शेजाऱ्याने "पाणी आलं का?" विचारलं तरी हलवत होते. "मान लचकलीय का?" बायकोने विचारलं. त्यांनी मान हलवली. तिने शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

सुताराची मुलाखत शनिवारी ठरली होती. त्याआधी सराव हवा म्हणून गुरुवारी सकाळी माईकरावांनी बायकोला स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलं. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, यंत्र मटारच्या टोपलीला टेकवून ठेवलं.

"तुम्ही घर सोडलंत, असा एखादा दिवस सांगा," ते म्हणाले.

"हे 'तुम्ही' काय मधेच?"

"मुलाखतीत असंच म्हणायचं असतं. तू नुसतं काहीतरी बोल, मला मान हलवायचीय."

ती शेंगा सोलत राहिली. माईकरावांच्या जिभेवर 'लग्न होऊन आले तो दिवस' हे वाक्य आयतं तयार होतं, पुढे वडिलांच्या डोळ्यांतलं पाणीही तयार होतं. त्यांनी ते सगळं गिळलं.

"एकदा सोडलं होतं मी घर," ती म्हणाली. "हेच."

माईकरावांनी मान हलवली.

"शाळेची दुसरी शाखा निघाली होती बघा, दुसऱ्या गावी. तिथलं ऑफिस सांभाळायला आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, सोमवारी सांगते. माझ्या मनात जायचं होतं. शनिवारी शाळेचा बक्षीस समारंभ होता. सूत्रसंचालन तुमचंच. बाईंनी तुम्हाला ही गोष्ट हळूच सांगितली असणार. तुम्ही माईकवरून जाहीर करून टाकलंत, की घरासाठी हिने एवढा मोठा मान हसत हसत नाकारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. सगळे वाजवत होते, एकटी कशी बसून राहणार?"

तो समारंभ माईकरावांना चांगला आठवत होता. त्या टाळ्या तर ते आजवर आपल्या उत्तम टाळ्यांत धरत आले होते. 'अगं, पण मला वाटलं...' हे शब्द दातांपर्यंत आले. यंत्रावरचा लाल दिवा जळत होता. ते थांबले.

"मी आठवडाभर विचार केला. मग एक दिवस बॅग भरली आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. वाक्य घोकून ठेवलं होतं. 'मी चाललेय, परत येणार नाही.' एवढंच. तुम्ही आलात. मी म्हटलं, 'मी चाललेय...' आणि तुम्ही म्हणालात, 'माहेरी! बरं केलंस. चार दिवस राहून ये.'"

टोपलीत मटार पडत होते तेवढाच काय तो आवाज.

"बॅग तुम्हीच उचललीत. स्टँडवर आलात, मला खिडकीची जागा मिळवून दिलीत, बस सुटेपर्यंत खाली उभे राहून बोलत होतात. मला वाटलं, असू दे, आईला सांगेन. तिथे पोचले तर दादा दारातच उभा. तुमचा फोन येऊन गेला होता. 'चारच दिवस ना? भावोजी म्हणाले.' आई तेच, वहिनी तेच. का आलीस म्हणून कुणी विचारलंच नाही. कळलेलं होतं ना सगळ्यांना. दादाने परतीचं तिकीट काढून आणलं आणि मला आणून बसमध्ये बसवलं."

ती थांबली. आता इथे सूनबाईने सांगितलं होतं तसं थांबायचं होतं, पण माईकरावांना ती शिकवण आठवतही नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्यांनी असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं.

"कुणी विचारलं असतं तर?"

"तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "आणि मग बहुतेक परत आले नसते." तिने सालं गोळा केली. "झालं का तुमचं? फ्रिज लावा, दूध नासेल."

माईकरावांना अतिशय वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत ते बाहेर बाकावर बसून होते. आणि सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, वाईट वाटता वाटता त्यांना आनंदही होत होता. त्यांनी रेकॉर्डिंग कानाला लावून पुन्हा ऐकलं. प्रश्न दोन, 'हं' एकही नाही, आवाज स्वच्छ. हेडसरांच्या तोंडाला कुलूप लागेल अशी मुलाखत होती. माणूस पुरता सुधारायच्या आधीच त्याला सुधारल्याचं कौतुक हवं असतं, आणि माईकराव माणूसच होते.

शनिवारी ते सुताराकडे गेले. सुताराचं दुकान त्या ओळीतलं शेवटचं. तो अबोल म्हणून प्रसिद्ध होता. माईकरावांनी विचारलं, "दुकान सोडतानाचं सांगा." सुताराने मान हलवली. माईकरावांनीही मान हलवली. सुताराने पटाशी कापडात गुंडाळली, दुसरी गुंडाळली, खिडकीकडे पाहिलं, आणि मान हलवली. माईकरावांनी समजून उमजून, मोठ्या आदराने मान हलवली. दोघांचं असं अर्धा तास चाललं. उठताना सुतार त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "बरं वाटलं." तोवर यंत्र बंद झालेलं होतं.

घरी येऊन माईकराव बायकोपुढे उभे राहिले. उद्या रविवार होता.

"गुरुवारचं ते... मंडळात ऐकवू का?"

"नाही."

"अगं, तुझा आवाज काय सुंदर आलाय! लोक..."

"नाही," ती म्हणाली.

माईकरावांकडे अजून पुष्कळ मुद्दे होते. लोकांना यातून बोध मिळेल, हा एक फारच चांगला होता. त्यांनी तो तोंडातच ठेवला.

रविवारी मंडळ पूर्ण संख्येने हजर होतं. फजिती बघायला माणसं वेळेवर येतात. सूनबाईने सुताराचं रेकॉर्डिंग लावलं. एक प्रश्न आला. मग कापडाची सळसळ, लांबून एक हॉर्न, पुन्हा सळसळ. खजिनदारांनी स्पीकरला चापट मारून पाहिली.

"बिघडलंय का?" कवयित्रीबाईंनी विचारलं.

"नाही, चालू आहे," सूनबाई म्हणाली आणि तिने यंत्राच्या पडद्यावर बोट फिरवलं. "काका, यात अजून एक आहे की. गुरुवारची. बरीच मोठी दिसतेय."

"ती नाही वाजवायची," माईकराव म्हणाले.

"कोणाची आहे?" हेडसर पुढे सरकले.

"सराव होता."

"मग सरावच ऐकू या! मंडळासमोर लपवाछपवी कशाला?"

"परवानगी नाही."

"कोणाची?"

माईकरावांनी मान हलवली, तीही आडवी.

हेडसर खो खो हसले. "मी सांगतो! यातही हेच बोललेत. स्वतःच स्वतःची मुलाखत घेतली असणार!" मंडळ हसून हसून बेजार झालं. खजिनदारांनी टेबलावर थाप मारली. एक बटण दाबलं असतं तर ते हसू तिथल्या तिथे बंद पडलं असतं, आणि हे त्या खोलीत एकट्या माईकरावांना माहीत होतं. त्यांचे कान लाल झाले. चाळीस वर्षं माईक गाजवलेला माणूस लोकांना आपल्यावर हसू देत बसून राहिला.

सूनबाई हसत नव्हती. तिने यंत्र त्यांच्यासमोर धरलं आणि हळू आवाजात विचारलं, "पुसून टाकू?" त्यांनी होकार दिला. तिने पुसलं.

मग रीतसर ठराव झाला. माईकरावांना बोलणं आवरत नाही, या कारणास्तव त्यांना मुलाखतकाराच्या जागेवरून कमी करण्यात आलं आणि हेडसरांनी सर्वांच्या आग्रहाखातर ती जबाबदारी स्वीकारली. आग्रह त्यांनीच मांडला होता. लगेच त्यांनी मुलाखत म्हणजे काय यावर बोलायला सुरुवात केली, तेव्हा माईकराव जिना उतरले.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी चपला काढल्या आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"काढलं मला," ते म्हणाले.

"सुताराचं नाही चाललं?"

"त्यात कुणी बोललेलंच नाही."

तिने चादरीचं एक टोक त्यांच्याकडे दिलं. दोघांनी ती ताणून धरली. "मग तुमच्याकडे दुसरं होतं की," ती म्हणाली.

"पुसायला लावलं. तू नाही म्हणाली होतीस ना."

तिची घडी अर्धीच राहिली. चादरीच्या त्या टोकाकडून ती त्यांच्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. कुठल्या तरी ओळखीच्या माणसासारखा दिसणारा कुणी भेटला तर आपण पाहतो तशी.

"'नाही' असं तर मी याआधीही पुष्कळ वेळा म्हटलंय," ती म्हणाली.

आणि माईकराव काय म्हणतात याची वाट बघत ती तिथेच उभी राहिली.